काचघरातून खिडकीपर्यंत : उष्णकटिबंधीय ऑर्किडच्या संगोपनाचा इतिहास

प्रस्तावना :

आज महानगरांतील घरांच्या दिवाणखान्यात, कार्यालयांच्या स्वागतकक्षात आणि समारंभांच्या भेटवस्तूंत फॅलेनॉप्सिस या ऑर्किडची कुंडी सहज दिसते. रुंद, जाड पाने आणि लांब दांड्यावर फुलपाखरांसारखी ओळीने बसलेली फुले, असे तिचे स्वरूप आहे. ही वनस्पती मूळची आग्नेय आशियातील उष्ण, दमट अरण्यांतील. तेथे ती झाडांच्या खोडाफांद्यांवर वाढते. ती चार भिंतींच्या आत आणि बंद खिडकीच्या उजेडात कशी जगू लागली, हा प्रश्न वरकरणी बागकामाचा वाटतो. वस्तुतः त्यामागे सुमारे अडीचशे वर्षांचा इतिहास आहे. त्या इतिहासात वसाहतींचा विस्तार, सागरी वाहतूक, काच आणि कोळसा यांचा उद्योग, वनस्पतिशास्त्रातील वाद आणि अनेक डोंगरांवरील जंगलांचा नाश या सर्वांचा वाटा आहे.

घरात लावलेल्या फुलझाडाची निगा म्हणजे त्याच्या मूळ प्रदेशाविषयीची एक कल्पनाच असते. त्या प्रदेशाबद्दल आपण जे गृहीत धरतो, तसे पाणी, ऊन आणि ऊब आपण त्याला देतो. एकोणिसाव्या शतकातील इंग्रज माळ्यांनी ‘उष्ण प्रदेश’ या शब्दाचा एकच अर्थ घेतला आणि त्याची किंमत ऑर्किडांनी मोजली. ही चूक कशी घडली, ती कोणत्या निरीक्षणांमुळे दुरुस्त झाली आणि त्या दुरुस्तीने मूळ अरण्यांचे भले झाले काय, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. विवेचन प्रामुख्याने इंग्लंडपुरते मर्यादित असून खासी टेकड्यांशी असलेल्या संबंधाचा त्यात विशेष परामर्श घेतला आहे.

प्रारंभीचे प्रयोग :

मराठी शास्त्रीय लेखनात ऑर्किडांना ‘आमरी’ असेही म्हणतात. या कुलातील उष्ण प्रदेशांत वाढणाऱ्या बहुसंख्य जाती अपिवनस्पती आहेत. त्या दुसऱ्या झाडाचा आधार घेतात, परंतु त्याचा रस शोषत नाहीत. आपल्याकडेही सामान्य बोलण्यात त्यांना बांडगूळ म्हटले जाते. ते शास्त्रदृष्ट्या चुकीचे आहे. त्यांच्या मुळांवर पांढरट, स्पंजासारखे आवरण असते. पावसाचे व दवाचे पाणी ते झटकन टिपून घेते आणि नंतर वाऱ्याने कोरडे होते. ओले होणे आणि वाळणे यांचे हे आवर्तन या मुळांच्या जीवनाला आवश्यक असते. मुळे सतत ओल्या मातीत राहिली की ती कुजतात.

अठराव्या शतकातील युरोपीय माळ्यांना याची कल्पना नव्हती. १७३१ च्या सुमारास लंडनचे हौशी वनस्पतिसंग्राहक पीटर कॉलिन्सन यांच्याकडे बहामा बेटांतून ऑर्किडचा एक वाळलेला कंद आला. तो लावल्यावर त्याला पालवी फुटली आणि पुढे फुलेही आली. ही जात जमिनीत वाढणारी होती, म्हणून ती मातीत तगली. झाडावर वाढणाऱ्या जातींच्या वाट्याला मात्र तीच माती आली. क्यू येथील राजोद्यानात १७८७ मध्ये वेस्ट इंडीजकडील एका अपिवनस्पती ऑर्किडला फुले आली, तेव्हा ती घटना अपूर्व मानली गेली. बहुतेक रोपे कातडी कमावण्याच्या उद्योगातून उरलेल्या सालीच्या ढिगात कुंडीसकट पुरली जात. ती साल कुजताना उष्णता निर्माण होई. त्या ढिगाच्या उबेत आणि धुराड्याच्या भिंतींच्या कोरड्या झळीत मुळे गुदमरून जात.

सर जोसेफ बँक्स यांनी लंडनजवळच्या आपल्या बागेत काड्यांच्या टोपल्या विणून त्यांत शेवाळ आणि थोडी माती घातली व त्यांत ऑर्किड लावून त्या टांगल्या. मुळांना हवा हवी, ही गोष्ट त्या साध्या टोपलीत प्रथमच व्यवहारात उतरली. तथापि ती सार्वत्रिक व्हायला आणखी दोन दशके जावी लागली.

‘उष्ण’ या शब्दाचा गैरसमज :

विल्यम स्वेन्सन यांनी १८१८ मध्ये ब्राझीलहून पाठवलेल्या एका रोपाला विल्यम कॅटली यांच्या काचघरात मोठी, जांभळट फुले आली. वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन लिंडली यांनी त्याला ‘कॅटलिया’ हे नाव दिले. या फुलाने इंग्लंडमधील श्रीमंत वर्गाचे लक्ष वेधले आणि ऑर्किडांची मागणी वेगाने वाढली. हॅकनी येथील लॉडिजेस यांच्या रोपवाटिकेने त्यांचा मोठा संग्रह उभारला.

याच लिंडली यांनी १८३० मध्ये हॉर्टिकल्चरल सोसायटीपुढे अपिवनस्पती ऑर्किडांच्या लागवडीवर एक निबंध मांडला. त्यांच्या मते या वनस्पतींना तीन गोष्टी लागतात : भरपूर उष्णता, दाट सावली आणि अतिशय दमटपणा. लिंडली हे आपल्या काळातील ऑर्किडांचे सर्वश्रेष्ठ अभ्यासक होते. त्यामुळे त्यांच्या शब्दाला नियमाचे वजन आले. काचघरे कडेकोट बंद झाली. काचांवर सावलीसाठी पडदे आले. खाली वाफ आणि वर घुसमट, अशा वातावरणात हजारो रोपे दाखल झाली आणि त्यांतील बहुतांश एकदोन वर्षांत मेली. अर्धशतकाहून अधिक काळ इंग्लंड हे उष्णकटिबंधीय ऑर्किडांचे दफनस्थान ठरले, अशा आशयाचे उद्गार पुढे क्यू उद्यानाच्या संचालकांच्या नावे प्रसिद्ध झाले.

या नियमातील दोष उष्णकटिबंधाच्या नकाशात होता. विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना असलेला पट्टा म्हणजे सर्वत्र सारखे तापलेले, ओलसर अरण्य, असे चित्र युरोपीय मनात रुजले होते. परंतु त्याच पट्ट्यात आणि त्याच्या लगत अँडीज, हिमालयाच्या रांगा, मेक्सिको व ग्वाटेमालातील पठारे आणि खासी टेकड्या आहेत. उंचीबरोबर तापमान घटते. पावसाळ्यानंतर कोरडा ऋतू येतो. रात्री गार होतात. अक्षांशावरून हवामान ठरवणाऱ्याला यांतले काहीच दिसत नाही. शिवाय रोप पाठवणाऱ्या व्यापाऱ्याने चिठ्ठीवर केवळ ‘भारत’ किंवा ‘मेक्सिको’ एवढेच लिहिलेले असे. ते रोप कोणत्या उंचीवर, कोणत्या झाडावर, उन्हात की सावलीत वाढत होते, हे माळ्यापर्यंत पोहोचतच नसे.

खासी टेकड्यांची साक्ष :

डेव्हनशायरच्या सहाव्या ड्यूकना १८३३ मध्ये प्रदर्शनात फुलपाखरासारखे दिसणारे एक ऑर्किड आवडले आणि त्यांनी चॅट्सवर्थ येथे मोठा संग्रह करण्याचे ठरवले. त्यांचे मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टन होते. हेच पुढे १८५१ च्या क्रिस्टल पॅलेसचे रचनाकार म्हणून ख्यातकीर्त झाले. त्यांच्या हाताखालील जॉन गिब्सन हा तरुण माळी १८३५ मध्ये भारताकडे निघाला. नवे गव्हर्नर जनरल लॉर्ड ऑकलंड ज्या जहाजाने येत होते त्यातूनच त्याचा प्रवास झाला. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे अधीक्षक नॅथॅनिएल वॉलिच यांच्या साहाय्याने तो १८३६ मध्ये चेरापुंजीकडे गेला. १८३७ मध्ये परतताना त्याने शंभराहून अधिक जातींची ऑर्किडे नेली.

ही रोपे जिवंत पोहोचली याचे बरेचसे श्रेय एका साध्या पेटीला आहे. लंडनच्या पूर्व भागातील वैद्य नॅथॅनिएल बॅगशॉ वॉर्ड यांना १८२९ च्या सुमारास आढळले, की झाकणबंद बाटलीतील ओलसर मातीत नेचा आणि गवत आपोआप उगवून तगून राहते. दिवसा निघालेली वाफ काचेवर जमून पुन्हा मातीत झिरपते. या तत्त्वावर बनवलेल्या काचेच्या बंद पेट्या १८३३ मध्ये ऑस्ट्रेलियाकडे रवाना झाल्या. केपला वळसा घालून महिनोन्‌महिने चालणाऱ्या सफरीत खारा वारा आणि पाण्याची टंचाई यांमुळे रोपे मरत असत. या पेट्यांनी ते संकट पुष्कळसे टाळले. पुढे हीच पेटी नक्षीदार होऊन इंग्रजांच्या दिवाणखान्यात आली. घरात ठेवण्याच्या रोपट्यांच्या इतिहासात तिचे स्थान महत्त्वाचे आहे. कोळशाचा धूर व गॅसच्या दिव्यांची दूषित हवा यांत नाजूक वनस्पती टिकत नसत. काचेच्या भिंतीमागे त्या जगू शकल्या.

चॅट्सवर्थला १८३६ ते १८४० या काळात २७७ फूट लांबीचे प्रचंड उष्णगृह उभे राहिले. त्याला आठ बॉयलर ऊब पुरवीत आणि त्यांचा कोळसा भुयारातील रुळांवरून येई. पण ऑर्किडांच्या बाबतीत पॅक्स्टन यांचे खरे योगदान त्या भव्यतेत नव्हते. वेगवेगळ्या प्रदेशांतील रोपांसाठी वेगवेगळ्या तापमानांची घरे ठेवणे, जमिनीवर पाणी शिंपडून दमटपणा राखणे आणि मुख्य म्हणजे खेळती हवा देणे, या पद्धती त्यांनी रूढ केल्या. गिब्सनने प्रत्यक्ष पाहिलेले डोंगर त्यांच्या काचघरात मार्गदर्शक ठरले. ग्वाटेमालातील व्यापारी जॉर्ज यूर स्किनर यांनी पाठवलेल्या रोपांवर जेम्स बेटमन यांनी असाच अभ्यास केला. ऑर्किडला विश्रांतीचा ऋतू असतो आणि त्या काळात पाणी तोडावे लागते, हे त्यांनी आग्रहाने मांडले. लिंडली यांनीही संग्राहकांची निवेदने पाहून आपल्या मूळ मतात बदल केला.

व्हँडा सेरुलिया म्हणजे निळ्या ऑर्किडचे उदाहरण या संदर्भात सर्वांत बोलके आहे. विल्यम ग्रिफिथ यांना ते खासी टेकड्यांत १८३७ मध्ये आढळले. लिंडली यांनी १८४७ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. १८५० मध्ये जोसेफ डाल्टन हूकर आणि टॉमस टॉमसन त्याच प्रदेशात होते. हूकर यांनी आपल्या हिमालयीन प्रवासवर्णनात नोंदवले आहे, की हे फूल खुज्या ओक वृक्षांच्या विरळ राईत, उघड्या वाऱ्यावर, हिवाळ्याची थंडी आणि शरदातील कोरडेपणा सोसत बहरते. इंग्लंडमधील कोंदट काचघरांत त्याला जे मिळत होते त्याच्या हे नेमके विरुद्ध होते. १८३० च्या नियमातील उष्णता, सावली आणि दमटपणा या तिन्ही अटींना एकाच वनस्पतीने दिलेले हे उत्तर होते.

ज्ञानाची दुसरी बाजू :

हूकर यांच्या याच नोंदीतून इतिहासाची दुसरी बाजूही उघड होते. क्यू उद्यानासाठी त्यांनी या निळ्या ऑर्किडचे सात हमालांचे ओझे गोळा केले. त्यांतील फारच थोडी रोपे इंग्लंडला जिवंत पोहोचली. दुसऱ्या एका गृहस्थाने आपला माळी हूकर यांच्या माणसांबरोबर पाठवून ती जागा माहीत करून घेतली. त्याने एका हमालाचे ओझे विक्रीस पाठवले. माल वाईट अवस्थेत पोहोचूनही ३०० पौंड मिळाले. एकेक रोप ३ ते १० पौंडांना गेले. उत्साही संग्राहक खासी ऑर्किडांच्या विक्रीतून एका हंगामात २००० ते ३००० पौंड सहज मिळवू शकेल, असा हूकर यांचा अंदाज होता.

येथे एका प्रचलित समजुतीचा फेरविचार करावा लागतो. माळ्यांच्या अज्ञानामुळे रोपे मरत आणि मेलेल्यांच्या जागी जंगलातून नवी आणली जात. म्हणून निगेचे ज्ञान वाढले तर जंगलावरील भार कमी व्हायला हवा होता. प्रत्यक्षात उलट घडले. रोपे जगू लागल्याने ऑर्किड केवळ सरदारांचे न राहता मध्यमवर्गीयांच्या आवाक्यात आले. १८४५ मध्ये काचेवरील कर रद्द झाला, गरम पाण्याच्या नळांनी ऊब देणे स्वस्त झाले, आणि १८५२ मध्ये बी. एस. विल्यम्स यांची ऑर्किड लागवडीची मार्गदर्शिका बाजारात आली. ग्राहक वाढले. शिवाय कोणते फूल कोणत्या डोंगरावर किती उंचीवर मिळते ही माहिती माळ्याला जितकी उपयोगी, तितकीच ती व्यापाऱ्याला मौल्यवान होती. म्हणूनच एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील व्यापारी रोपवाटिका ठिकाणांची नावे लपवीत आणि क्वचित खोटीही सांगत.

कोलंबियातील ओडोंटोग्लॉसम क्रिस्पम हे याचे कठोर उदाहरण होय. हे अँडीजच्या थंड, धुकट उतारांवरील पांढरे ऑर्किड. थंड घराची पद्धत रूढ झाली तेव्हाच, म्हणजे १८६० च्या दशकानंतर, ते इंग्लंडमध्ये तगू लागले. आणि ते तगू लागले म्हणूनच त्याला वेड्यासारखी मागणी आली. संग्राहक अल्बर्ट मिलिकन यांनी १८९१ च्या आपल्या प्रवासग्रंथात लिहिले आहे, की दोन महिन्यांच्या कामात त्यांच्या माणसांनी सुमारे १०,००० रोपे मिळवली आणि त्यासाठी सुमारे ४,००० झाडे तोडली. फांदीवरचे फूल काढण्यासाठी वृक्षच आडवा करणे हे त्या व्यवसायात स्वस्त होते. चढणारे कुशल हात महाग, कुऱ्हाड स्वस्त. त्या झाडांवरील इतर वनस्पती, पाखरे आणि कीटक यांची नोंद कोणत्याही लिलावाच्या यादीत नाही.

या व्यवहारात खासी किंवा कोलंबियन हमाल, वाटाडे आणि झाडांवर चढणारे मजूर यांची नावेही सहसा आढळत नाहीत. फुलाला मात्र ड्यूक, बँकर आणि माळी यांची नावे मिळाली. ऑर्किडच्या निगेचे जे ज्ञान युरोपने मिळवले असे म्हटले जाते, त्याचा पहिला दुवा म्हणजे ‘हे कोठे वाढते’ हे दाखवणारा स्थानिक माणूस होता, याचा विसर पडता कामा नये.

प्रयोगशाळेतील वळण :

जंगलाबाहेर ऑर्किड निर्माण करण्याची वाट अन्य दिशेने निघाली. एक्झेटर येथील वीच यांच्या रोपवाटिकेतील जॉन डॉमिनी यांनी दोन कॅलँथे जातींचा संकर केला. त्याला १८५६ मध्ये फूल आले. मानवाने घडवलेले हे पहिले फुललेले संकरित ऑर्किड. त्यातील एक जनक ‘मसुका’ या नावाने ओळखला जाई आणि ही जात सह्याद्रीच्या रानांतही आढळते. परंतु बियांपासून रोपे मिळवणे अत्यंत बेभरवशाचे होते. ऑर्किडचे बी धुळीइतके सूक्ष्म असते आणि त्यात अंकुराला पुरेल असा अन्नसाठा नसतो. फ्रेंच शास्त्रज्ञ नोएल बर्नार यांनी १८९९ मध्ये दाखवले, की निसर्गात हे बी विशिष्ट बुरशीच्या साहाय्याने रुजते. १९२२ मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे लुईस नड्सन यांनी साखरयुक्त माध्यमात, बुरशीवाचून, निर्जंतुक बाटलीत बी रुजवून दाखवले. १९६० मध्ये फ्रान्सचे जॉर्ज मोरेल यांनी अग्रस्थ ऊतीपासून एकाच रोपाच्या असंख्य प्रती मिळवण्याचा मार्ग खुला केला.

दरम्यान जुनी व्यवस्था कोसळली होती. पहिल्या महायुद्धात कोळशाअभावी चॅट्सवर्थच्या महागृहातील वनस्पती मेल्या आणि १९२० मध्ये ती वास्तूच पाडण्यात आली. काचघर परवडेनासे झाले. पण त्याच काळात घर बदलत होते. गॅसच्या जागी वीज आली, खोल्या सारख्या उबदार राहू लागल्या, खिडक्या मोठ्या झाल्या. रिबेका नॉर्दन यांचे घरगुती ऑर्किड लागवडीवरील पुस्तक १९५० मध्ये प्रसिद्ध झाले, त्यामागे हीच पार्श्वभूमी आहे. ह्यू कमिंग यांनी १८३६ मध्ये मनिलाहून इंग्लंडला पाठवलेले आणि त्या काळी अत्यंत दुर्मीळ असलेले फॅलेनॉप्सिस विसाव्या शतकाच्या अखेरीस नेदरलँड्स व तैवान येथील प्रयोगशाळांतून लाखोंनी तयार होऊ लागले. पुणे परिसरातही ऊतिसंवर्धनाने ऑर्किडची रोपे केली जातात.

आजच्या कुंडीत इतिहासाचे धडे जणू थरांनी साठलेले आहेत. मातीऐवजी सालीचे तुकडे भरतात, तो बँक्स यांच्या टोपलीचा वारसा होय. दोन पाण्यांत अंतर ठेवणे, पानांच्या बेचक्यात पाणी साचू न देणे आणि हवा खेळती ठेवणे यांत पॅक्स्टन व बेटमन यांची शिकवण आहे. भरपूर उजेड पण थेट ऊन नाही, ही अट मात्र या जातीच्या अरण्यातील स्थानाची आहे. निळ्या व्हँडाला ती लावली तर तो फुलणार नाही. फॅलेनॉप्सिसला फुलांचा दांडा येण्यासाठी काही आठवडे तापमान साधारण २६ अंश सेल्सिअसच्या खाली असावे लागते. सतत २८ अंशांच्या वर राहिल्यास केवळ पाने वाढतात. मुंबई किंवा कोकणपट्टीत या रोपाला उकाडा मानवतो, पण कळी गारव्याची वाट पाहते. ‘उष्ण प्रदेशातील झाड, म्हणून त्याला ऊबच हवी’ हा १८३० चा समज आपल्या घरातही असा सावधपणे तपासावा लागतो.

समारोप :

उपरोक्त विवेचनावरून तीन निष्कर्ष निघतात. पहिला, ऑर्किडच्या संगोपनातील अपयशाचे कारण माळ्यांचा निष्काळजीपणा नव्हते. अतिशय कष्टाने, मोठ्या खर्चाने आणि निष्ठेने त्यांनी चुकीची निगा राखली. मूळ स्थानाचे निरीक्षण उपलब्ध झाले तेव्हाच ती बदलली. दुसरा, योग्य ज्ञानामुळे रोपे वाचली तरी जंगले वाचली नाहीत; मागणी वाढल्याने लूट अधिक नेमकी झाली. तिसरा, अरण्यांवरील भार कमी होण्यास कृत्रिम पैदास आणि कायदा या दोन्हींची गरज पडली. भारताच्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ च्या दुरुस्तीने निळ्या व्हँडाला संरक्षण मिळाले. धोक्यातील जातींच्या व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या सर्वांत कडक यादीत हे फूल १९७९ पासून होते. २००४ च्या निर्णयाने ते दुसऱ्या यादीत आले, तरी त्याच्या व्यापारावरील नियंत्रण कायम राहिले.

सह्याद्रीतही पावसाळ्याच्या तोंडाशी सीतेची वेणी फुलते आणि तोडलेल्या फांदीसह ती कधी कधी घरी आणली जाते. बागेत टांगलेली ती फांदी एखादा हंगाम टिकते. प्रयोगशाळेत वाढलेले रोप विकत घेणे आणि रानातील फांदी आणणे यांत नैतिक अंतर आहे. ते ग्राहकाला दिसावे, एवढा उपयोग या इतिहासाचा निश्चित आहे. कुंडीतल्या फुलाची खरी निगा त्याच्या मूळ अरण्याची चौकशी करण्यापासून सुरू होते, आणि ते अरण्य अबाधित ठेवल्यावाचून ती पूर्ण होत नाही.